रत्नागिरीचीं प्रेक्षणीय स्थळें : त्यांच्या उत्पत्तीचा विचार

१

रत्नागिरी शहर पाहावयास येणाऱ्या मनुष्याच्या हातीं जी यादी पडते ती आतां बहुतेक ठरून गेलेली आहे. रत्नदुर्ग किल्ला व त्यावरील भगवतीचें देऊळ, दीपगृह, थिबा राजवाडा, लोकमान्य टिळकांचें जन्मस्थान, पतितपावन मंदिर, तुरुंगांतील सावरकरांची कोठडी, मांडवीचा धक्का, भाट्याची पुळण, पांढरा समुद्र व काळा समुद्र, झाडगांवचें मत्स्यालय, आणि सवड असल्यास उत्तरेस गणपतीपुळें व मालगुंड, दक्षिणेस पावस. प्रवासी एक-दोन दिवसांत हें सर्व उरकतो, छायाचित्रें घेतो व परततो. या यादींत खोटें असें कांहीं नाहीं. परंतु हीं स्थळें मुळांत प्रेक्षणीय कशामुळें झालीं, हा प्रश्न यादी विचारीत नाहीं. तो इतिहासाच्या अभ्यासकानेंच विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखांत तेवढाच एक प्रश्न घेतला आहे.

'प्रेक्षणीय' हा शब्द 'प्र' उपसर्गपूर्वक 'ईक्ष्' धातूस 'अनीयर्' हा कृत्य प्रत्यय लागून सिद्ध होतो, व कृत्य प्रत्ययांचा एक अर्थ पाणिनीनें 'अर्ह' म्हणजे 'योग्य' असा सांगितला आहे. तेव्हां जें पाहण्यास योग्य तें प्रेक्षणीय. आतां डोंगर, समुद्र, घर, देऊळ हीं सर्वत्रच आहेत. त्यांपैकीं अमुक एक पाहण्यास योग्य ठरतें तें तेथें कांहीं घडलें म्हणून. आणि जें घडलें तें तेथेंच कां घडलें याला कारण असतें. हें कारण शोधूं गेलें असतां रत्नागिरीच्या बाबतींत एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. शहरांतील ज्या स्थळांवर त्याची आजची ख्याति मुख्यत्वें उभी आहे, तीं बहुतेक सर्व रत्नागिरी ही कोणी पाहावयास जाण्याची जागा नव्हती म्हणून निर्माण झालीं. ज्यांस लोकांच्या दृष्टीआड ठेवावयाचें होतें त्यांस इंग्रज सरकारनें येथें आणून ठेविलें. आणि त्या दृष्टीआड ठेवण्याच्या खुणा पाहण्यास आज लोक दुरून येतात. हें आमचें प्रतिपाद्य होय. त्याचीं प्रमाणें क्रमानें मांडतों.

२

प्रथम स्थलाचा विचार करूं. आजचें रत्नागिरी शहर हें मूळचें एक गांव नव्हे. राहाटागर, झाडगांव, किल्ला व पेठ शिवापूर हीं गांवें मिळून तें झालें आहे. दक्षिण कोंकणचा मुलूख इ. स. १८१८ मध्यें इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावर आरंभीं जिल्ह्याचें मुख्य ठाणें बाणकोटास होतें, तें इ. स. १८२२ मध्यें रत्नागिरीस आलें. कचेऱ्या, तुरुंग, साहेबांचे बंगले व शाळा हीं त्यानंतरचीं होत. नगरपालिका इ. स. १८७६ ची. म्हणजे रत्नागिरी हें राजधानीचें शहर कधींच नव्हतें, मोठ्या तीर्थक्षेत्राचें नव्हतें, आणि राजापूर किंवा चौल यांसारखें प्राचीन व्यापाराचेंही नव्हतें. कलेक्टराचें ठाणें म्हणून तें वाढलें.

या ठाण्याचा बाहेरच्या जगाशीं संबंध कसा होता हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पूर्वेस सह्याद्रि, त्यांतून उतरणारे आंबा, कुंभार्ली, फोंडा वगैरे घाट. पश्चिमेस समुद्र. मुंबईस जावयाचें म्हणजे गलबतानें किंवा पुढें आगबोटीनें. आणि पावसाळा लागला कीं किनाऱ्यावरील ही वाहतूक कित्येक महिने बंद पडे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मनुष्यास दर थोड्या कोसांवर एक खाडी ओलांडावी लागे. इ. स. १८८६ मध्यें रेल्वे कोल्हापूरपर्यंतही आलेली नव्हती. ती तेथें इ. स. १८९१ मध्यें पोंचली, आणि घाट उतरून रत्नागिरीस तर रेल्वे त्या शतकांत आलीच नाहीं. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग राष्ट्रास अर्पण झाला तो इ. स. १९९८ च्या मे महिन्यांत. तोंवर 'रत्नागिरीस जाऊन येतों' हें वाक्य सहज बोलण्यासारखें नव्हतें.

अशा जागेचा राज्यकर्त्यांस एक विशेष उपयोग असतो. तेथें सरकारी अंमल पुरा असतो, कलेक्टर, पोलीस, सिव्हिल सर्जन व तारखातें हजर असतात. परंतु येणारा-जाणारा मोजका असल्यामुळें परका माणूस तत्काळ ओळखूं येतो. पळून जावयाचें तर घाट किंवा बंदर, आणि दोन्हींवर नजर ठेवणें सोपें. कैदी म्हणतां येणार नाहीं अशा कैद्यास ठेवण्याला याहून सोयीचें स्थळ मुंबई इलाख्यांत फारसें नव्हतें.

३

या लक्षणाला किल्ला अपवाद आहे, म्हणून त्याचा विचार आधीं केला पाहिजे. रत्नदुर्ग हा घोड्याच्या नालासारख्या आकाराच्या भूशिरावर असून त्याच्या तीन बाजूंस समुद्र आहे. आदिलशाही, शिवछत्रपति, आंग्रे, पेशवे असा त्याचा धनीपालट होत गेला. इ. स. १७५६ मध्यें तुळाजी आंग्र्यांचा पाडाव झाल्यावर या किनाऱ्यावरील आरमारी सत्तेचें स्वरूप पालटलें, व इ. स. १८१८ मध्यें किल्ला इंग्रजांकडे गेला. ज्या काळीं कोंकणची वाट समुद्रावरून होती त्या काळीं हें भूशिर आडबाजूस नव्हतें, वाटेवर होतें. तें पाहिलें जाण्यासाठीं बांधलेलें नसून पाहण्यासाठीं बांधलेलें होतें: कोणाचें गलबत आलें, कोणत्या निशाणाचें, किती तोफांचें. गडावरून आज प्रवासी जो देखावा म्हणून न्याहाळतो तो एके काळीं पहाऱ्याचा टापू होता.

किल्ल्याचें लष्करी प्रयोजन संपल्यावर त्याच भूशिरावर इ. स. १८६७ मध्यें दीपगृह उभें राहिलें. जहाजांवर नजर ठेवणारी जागा जहाजांस नजर देणारी झाली. यांत एक मोठें स्थित्यंतर सांठवलेलें आहे. आंग्र्यांच्या काळीं रत्नागिरीचा किनारा हा सत्तेचा मुख होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळीं तो आगबोटीच्या वाटेवरील एक थांबा झाला. सत्ता मुंबईस गेली आणि रत्नागिरी आडबाजूस पडली. पुढील सर्व कथा या आडबाजूस पडण्यांतून निघते.

४

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याची हकीकत सर्वश्रुत आहे. तथापि तिचे मुख्य टप्पे सालवार देणें अवश्य आहे, कारण ऐकीव माहितींत ते फार विस्कळित झाले आहेत. थिबा इ. स. १८७८ मध्यें मंडाले येथें गादीवर बसला. इ. स. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं तिसऱ्या युद्धांत मंडाले घेतलें, व राजा-राणीस रंगूनमार्गें मद्रासेस नेलें. तेथून इ. स. १८८६ च्या एप्रिलांत त्यांस रत्नागिरीस आणलें. राजाबरोबर पट्टराणी सुपयालत, तिची बहीण व धाकटी राणी सुपयागले, आणि मुली होत्या. चार राजकन्यांपैकीं दोघी मंडाल्यास, तिसरी मद्रासेस व चौथी इ. स. १८८७ मध्यें रत्नागिरीस जन्मली. कुटुंबाच्या जन्मस्थळांची ही मालिकाच हद्दपारीचा नकाशा आहे.

'थिबा' हें आपण ज्याला नांव समजतों तें खरें पाहतां व्यक्तिनाम नव्हे. शान प्रदेशांत याच नांवाचें एक संस्थान होतें; त्याची पदवी राजपुत्र असतां त्याला मिळाली, व तीच पुढें रूढ झाली. रत्नागिरीकरांनीं त्या पदवीच्या शेवटल्या वर्णाला मराठी वळण देऊन 'थिबा राजा' केला. ज्या राजाची भाषा गांवांत त्याच्या घराबाहेर कोणास येत नव्हती, त्याचें नांव गांवानें आपल्या उच्चारांत घेऊन ठेविलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आज ज्याला थिबा राजवाडा म्हणतात तो इ. स. १९१० मध्यें पुरा झाला. म्हणजे राजा रत्नागिरीस आल्यानंतर सुमारें चोवीस वर्षें तो बंगल्यांतून राहत होता. राजवाड्यांत त्याचीं अखेरचीं सहा वर्षेंच गेलीं. ही गोष्ट प्रवाशांस बहुधा सांगितली जात नाहीं, आणि तीच महत्त्वाची आहे. कारण वास्तूचा भव्यपणा पाहून राजास येथें राजासारखें ठेविलें होतें असा ग्रह होतो. जांभा दगड व विटा, उतरतीं छपरें, लांकडांतील कोरीव काम, अर्धवर्तुळाकार खिडक्या, वरून दिसणारी भाट्याची खाडी व समुद्र, हें सर्व सुंदर खरेंच. पण तें तीस वर्षांच्या स्थानबद्धतेच्या शेवटास बांधलेलें आहे. आम्ही शाळेंत असतांना मुलांस घेऊन तेथें जात असूं. मुलांचा पहिला प्रश्न नेहमीं एकच असे: राजाला इतक्या लांब कां आणला? मार्गदर्शक पुस्तिका खिडक्यांची संख्या सांगतात. या प्रश्नाचें उत्तर देत नाहींत.

उत्तर साम्राज्याच्या रीतींत आहे. दुसऱ्या बाजीरावास इ. स. १८१८ नंतर गंगाकांठीं ब्रह्मावर्तास ठेविलें. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस इ. स. १८३९ मध्यें पदच्युत करून काशीस पाठविलें. दिल्लीच्या बहादुरशहास इ. स. १८५८ मध्यें रंगूनास नेलें, व तो तेथें इ. स. १८६२ मध्यें वारला. गादीवरून काढलेला राजा मारावयाचा नाहीं, पण त्याच्या प्रजेच्या डोळ्यांपुढें ठेवावयाचा नाहीं, हें सूत्र सर्वत्र एकच आहे. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशांत आणि ब्रह्मदेशाचा राजा कोंकणांत, असा हा विनिमय झाला.

थिबा इ. स. १९१६ च्या डिसेंबरांत रत्नागिरीस मरण पावला. धाकटी राणी इ. स. १९१२ मध्यें वारली होती. देह ब्रह्मदेशांत न्यावा अशी कुटुंबाची इच्छा होती. सरकारनें तें मान्य केलें नाहीं, आणि अखेर इ. स. १९१९ मध्यें रत्नागिरींतच राजा व धाकटी राणी यांचें दफन झालें. त्याच वर्षीं सुपयालत राणी ब्रह्मदेशांत परतली व इ. स. १९२५ मध्यें रंगूनास वारली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीस परत आली, व इ. स. १९४७ मध्यें तेथेंच तिचा अंत झाला.

राजवाड्यांत आज प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. तेथें गर्दी असते. थडग्यांकडे प्रवासी क्वचित् वळतो. आमच्या मतें इतिहासदृष्ट्या थडग्यांचा मान अधिक आहे, कारण राजवाडा हा सरकारच्या औदार्याचा देखावा होऊं शकतो, थडगें होऊं शकत नाहीं. मेल्यावरही ज्याला घरीं जाऊं दिलें नाहीं त्याची ती खूण आहे. रंगूनास बहादुरशहाच्या बाबतींत याहून एक पाऊल पुढें गेलें होतें. कबरीची जागा सपाट करून ठेविल्यामुळें खरी कबर इ. स. १९९१ मध्यें खोदकाम चाललें असतां उघडकीस आली. इ. स. २०१२ च्या मे महिन्यांत भारताचे पंतप्रधान मनमोहन सिंग रंगूनास बहादुरशहाच्या कबरीपाशीं गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस थिबाच्या थडग्यापाशीं आले. दृष्टीआड ठेवलेल्या दोघांचें अशा रीतीनें एकाच वर्षांत दर्शन घेतलें गेलें.

५

दुसरें उदाहरण सावरकरांचें. विनायक दामोदर सावरकर यांस इ. स. १९२१ मध्यें अंदमानांतून परत आणल्यावर कांहीं काळ रत्नागिरीच्या तुरुंगांत ठेविलें होतें. इ. स. १९२४ च्या जानेवारींत त्यांची सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्यांत राहावें व राजकारणांत भाग घेऊं नये या अटींवर. पांच वर्षांची ही मुदत वाढत वाढत इ. स. १९३७ पर्यंत गेली. थिबास ठेवण्याला जी जागा अडतीस वर्षांपूर्वीं योग्य वाटली तीच पुन्हां निवडली गेली. मधल्या काळांत मुंबई इलाख्यांत रेल्वेचें जाळें पसरलें होतें, पण रत्नागिरी तशीच आडबाजूस होती.

पतितपावन मंदिराचें मूळ याच अटींत आहे. ज्यास राजकारण बंद केलें त्याचें कार्य समाजकारणाकडे वळलें. अस्पृश्यतानिवारण, सहभोजनें, देवालयप्रवेश हे विषय रत्नागिरींत तेरा वर्षें गाजत राहिले. सर्व हिंदूंस खुलें असें हें देऊळ दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्यानें बांधलें गेलें, व इ. स. १९३१ च्या फेब्रुवारींत शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्तें तें उघडलें. भागोजीशेठ हे रत्नागिरीच्याच गरीब भंडारी कुटुंबांत जन्मून मुंबईंत बांधकामाच्या व्यवसायांत नांवारूपास आलेले गृहस्थ. किल्ल्याजवळचें भागेश्वराचें देऊळही त्यांचेंच. सावरकरांच्या राजकीय मतांविषयीं वाचकांचीं मतें भिन्न असूं शकतील, व तो या लेखाचा विषय नाहीं. येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, सरकारी हुकूम नसता तर हें देऊळ रत्नागिरींत उभें राहण्याचें कारणच नव्हतें. महात्मा गांधी इ. स. १९२७ च्या मार्चांत रत्नागिरीस आले असतां सावरकरांची त्यांच्याशीं भेट झाली ती त्यांच्या राहत्या घरीं. सावरकरांस जिल्ह्याबाहेर जातां येत नव्हतें.

येथें संशोधकास एक इशारा द्यावासा वाटतो. सहभोजनांच्या त्याच चळवळींतून इ. स. १९३३ मध्यें अखिल हिंदु उपाहारगृह निघालें होतें. एका पंक्तीस बसून चहा पिणें ही गोष्ट त्या काळीं देवळाइतकीच, कदाचित् अधिकच, धाडसाची होती. पण देऊळ दगडाचें म्हणून यादींत राहिलें. उपाहारगृह पंक्तीचें म्हणून गेलें. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून जो इतिहास लिहील त्याच्या हातीं केवळ टिकाऊ वस्तूंचा इतिहास लागेल.

६

लोकमान्य टिळकांचें जन्मस्थान हें वरील नियमास अपवाद आहे असें कोणी म्हणेल, आणि तें बरोबर आहे. टिळकांचें मूळ गांव दापोलीकडील चिखलगांव. वडील गंगाधरपंत शिक्षकाच्या नोकरीनिमित्त रत्नागिरीस होते, म्हणून बाळ गंगाधर यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं येथें झाला; इ. स. १८६६ मध्यें वडिलांची बदली पुण्यास झाली व कुटुंब गेलें. जिल्ह्याचें ठाणें, ठाण्याची शाळा, शाळेचा मास्तर, असा हा सरळ संबंध आहे. त्यांत हद्दपारी नाहीं.

परंतु अपवादाच्या पोटांतच नियम पुन्हां दिसतो. रत्नागिरीस जन्मलेल्या टिळकांस इ. स. १९०८ मध्यें शिक्षा होऊन मंडाले येथें नेलें, व इ. स. १९१४ पर्यंत तेथील तुरुंगांत ठेविलें. म्हणजे त्या सहा वर्षांत मंडाल्याचा राजा रत्नागिरींत, आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडाल्यांत होता. इ. स. १९१० च्या नोव्हेंबरांत थिबा आपल्या नव्या राजवाड्यांत राहावयास गेला. त्याच नोव्हेंबरांत टिळकांनीं मंडाल्याच्या तुरुंगांत 'गीतारहस्य' लिहावयास घेतलें, व पुढील मार्चाखेर तें संपविलें. हा योगायोग आहे. त्यांतून कांहीं गूढ काढूं नये. पण ज्या यंत्रणेमुळें हा योगायोग घडला ती योगायोगाची नव्हती. दोन्ही ठिकाणें एकाच कचेरींत बसून, एकाच हेतूनें, दूर म्हणून निवडलेलीं होतीं. रत्नागिरींतील टिळकांचें घर व थिबाचा राजवाडा हीं प्रवासी निरनिराळ्या वेळीं पाहतो. तीं एकाच प्रकरणाचीं दोन पानें आहेत असें त्यास सांगणारें तेथें कोणी असावें.

समुद्रकिनारा, गणपतीपुळें व पावस यांस आमचा नियम लागत नाहीं हेंही स्पष्ट करतों. स्वयंभू गणपतीच्या वा स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या ठिकाणीं मनुष्य दर्शनास जातो. दर्शन व प्रेक्षण यांत भेद आहे. मालगुंडास केशवसुतांचें स्मारक आहे, तें जन्मस्थान म्हणून. आणि पुळण ही तर खारवी-भंडाऱ्यांची कामाची जागा. वाऱ्यासाठीं तेथें फिरावयास जाणें ही रीत अलीकडची.

७

आतां प्रमाणांच्या तारतम्याविषयीं. रत्नागिरीच्या स्थळांविषयीं जें सांगितलें जातें त्याचे तीन वर्ग करावे: कागद, वस्तु व ऐकीव. थिबासंबंधीं कागदांची वाण नाहीं. मुंबईच्या पुराभिलेखागारांत व लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांतील इंडिया ऑफिसच्या दप्तरांत त्याच्या खर्चाचीं, अर्जांचीं, जवाहिराच्या विक्रीचीं व कर्जाचीं प्रकरणें आहेत. वॉल्टर सद्गुण देसाई यांनीं थिबाच्या हिंदुस्थानांतील वास्तव्यावर इंग्रजींत लिहिलेला ग्रंथ इ. स. १९६७ मध्यें भारतीय विद्याभवनानें प्रसिद्ध केला. सुधा शहा यांचें राजकुटुंबाविषयींचें पुस्तक इ. स. २०१२ चें. अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी इ. स. २००० ची; ती वाचून पुष्कळ लोक राजवाडा पाहावयास येतात व तींतील प्रसंग तेथील जागांवर बसवूं पाहतात. कादंबरी म्हणून ती आदरणीय आहे. पुरावा म्हणून तिचा उपयोग करूं नये.

राजा दुर्बीण घेऊन समुद्रावरील जहाजें पाहत बसे, ही गोष्ट रत्नागिरींत सर्वांच्या तोंडीं आहे. ती संभवनीय आहे. परंतु जे ती राजवाड्याच्या सज्जाशीं जोडतात त्यांनीं राजवाड्याचें साल ध्यानांत ठेवावें. चोवीस वर्षें तो सज्जाच नव्हता. किल्ल्यावरील भुयारासंबंधींही तसेंच. समुद्राच्या लाटांनीं खडकांत झालेली पोकळी व मनुष्यानें खोदलेली वाट यांचा निर्णय खडकावरील छिन्नीच्या खुणांवरून करावयाचा असतो, कथेच्या लांबीवरून नव्हे. ऐकीव गोष्ट टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती कोणी, केव्हां व कोणापासून ऐकली हें लिहून ठेविलें कीं तीही प्रमाणाच्या पायरीस येते.

८

आतांपर्यंत जें सांगितलें तें गेल्या दोन-तीन शतकांतील आहे. शहराबाहेर पडून सड्यावर गेलें कीं याच नियमाचें फार जुनें उदाहरण भेटतें. रत्नागिरी तालुक्यांतील उक्षी व जांभरूण, राजापूर तालुक्यांतील कशेळी, देवीहसोळ व बारसू इत्यादि गांवांच्या कातळावर कोरलेलीं मनुष्यांचीं, पशूंचीं, माशांचीं व अनाकलनीय रचनांचीं चित्रें गेल्या कांहीं वर्षांत स्थानिक शोधकांनीं पायपीट करून उजेडांत आणलीं. कशेळीचा हत्ती सुमारें अठरा मीटर लांब असून त्याच्या पोटांत इतर प्राण्यांच्या अनेक आकृति आहेत. हीं शिल्पें प्रागैतिहासिक आहेत असें तज्ज्ञ मानतात. नक्की कालनिर्णयाचें काम चालूं आहे. इ. स. २०२२ मध्यें कोंकणांतील अशा नऊ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत झाला.

त्याच कशेळी गांवांत कनकादित्याचें देऊळ आहे, व शिलाहार दुसऱ्या भोजाचा शके १११३ म्हणजे इ. स. ११९१ चा ताम्रपट या गांवचाच. एका गांवांत कातळावरचा निरक्षर लेख आणि तांब्यावरचा साक्षर लेख! ताम्रपट वाचला गेला, छापला गेला. हत्ती मात्र गवताखालीं व मातीखालीं पडून राहिला, आणि पडून राहिला म्हणूनच वांचला. सड्यावर शेती नाहीं, वस्ती नाहीं. तेथें पाहण्यासारखें कांहीं आहे असें कोणास वाटलें नाहीं. त्या उपेक्षेनें त्याचें हजारों वर्षें रक्षण केलें.

परंतु आतां ती उपेक्षा रक्षण करण्यास असमर्थ आहे. जांभा दगड काढण्यासाठीं चिरेखाणी सड्यावरच पडतात. रस्ते, कुंपणें व कारखान्यांच्या योजना सड्यावरच येतात, कारण नकाशांत ती 'पडीक' जमीन. ज्या शिल्पाची नोंद नाहीं तें चिऱ्यांच्या रूपानें कोणाच्या तरी घराच्या भिंतींत जाईल व त्या घरधन्यास त्याचा पत्ताही लागणार नाहीं. जुन्या काळीं रत्नागिरीच्या वस्तु दृष्टीआड असल्यामुळें राहिल्या. यापुढें दृष्टीस पडतील त्याच राहतील. म्हणून प्रवासी सड्यावर येऊं लागले याचा तिटकारा करण्याचें कारण नाहीं. त्यांनीं जोडे घालून आकृतींवर उभें राहूं नये व खडूनें रेघा उठवूं नयेत एवढें पाहणारा मनुष्य प्रत्येक ठिकाणीं असला पाहिजे.

९

शेवटीं आमच्या वाचकांकडे, विशेषतः जे हस्तलिखितें व जुने कागद जमवितात त्यांच्याकडे, एक मागणी आहे. राजवाडा सरकारच्या ताब्यांत आहे, टिळकांचें घर संरक्षित आहे, देऊळ चालतें आहे. धोक्यांत आहे तें या स्थळांभोंवतालचें गांव. थिबाचें कुटुंब तीस वर्षांहून अधिक काळ रत्नागिरींत राहिलें. त्यास कोणी तरी तांदूळ, तूप, कापड व सरपण पुरविलें असेल. कोणी दागिने गहाण ठेवून घेतले किंवा विकून दिले असतील. कोणी मुलींस शिकविलें, कोणी औषध दिलें. हा हिशेब ज्या वह्यांत लिहिला गेला त्या मोडींत आहेत, सरकारी दप्तरांत नाहींत. असल्याच तर जुन्या घरांच्या माळ्यांवर आहेत. सावरकरांच्या काळांतील सहभोजनांचीं हस्तपत्रकें, वर्गणीच्या याद्या व खासगी पत्रें यांचेंही तसेंच. मुंबईस स्थायिक झालेल्या कुटुंबांचीं घरें आतां एकामागून एक पाडलीं जात आहेत, आणि माळा उतरला कीं पेटीसकट कागद रद्दींत जातात.

यास्तव ज्यांचें रत्नागिरीस घर आहे किंवा ज्यांच्या ओळखीचें आहे त्यांनीं पुढील गोष्टी कराव्या. घर पाडण्यापूर्वीं माळा स्वतः पाहावा. मोडी वाचतां येत नसल्यास कागद फेंकूं नयेत. वाचणारे अद्याप आहेत. शके १८०८ ते १८४० या काळांतील दुकानाच्या वह्या विशेष जपाव्या, कारण तीं थिबाच्या वास्तव्याचीं वर्षें होत. मूळ कागद मालकाच्या घरीं राहूं द्यावा व त्याचें छायाचित्र घ्यावें. कागदावर कोणतेंही चिन्ह करूं नये. कोणत्या घरांत, कोणत्या पेटींत, कोणत्या कागदांबरोबर सांपडला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें, कारण कागदाची जागा हरवली कीं त्याचें अर्धें मोल जातें.

राजवाडा पाहावयास दरवर्षीं सहस्रावधि लोक येतात. त्या घरांतल्या चुलीस सरपण कोणी पुरविलें व त्याचे पैसे त्यास मिळाले कीं नाहींत, एवढें सांगणारी एक वही जरी हातीं आली, तरी त्या सर्वांस आज न दिसणारें रत्नागिरी दिसूं लागेल.